पंचवीस अंश

“आणि धाकटा जावई?” यादीवर पेन टेकवून मॅडमनी विचारलं, आणि मला हसू आलं. आमच्याकडे वर्षातून एकदा प्रत्येकाच्या टेबलावरच्या सामानाची पडताळणी होते. मीटर किती, चिमटे किती, सोल्डरिंगचं सामान काय, सगळं टाइप केलेल्या यादीशी ताडून बघायचं. मॅडम नव्या, त्यामुळे ‘थोरला जावई – एक, धाकटा जावई – एक’ हेसुद्धा त्यांनी ‘चिमटे – चार’ वाचावं तितक्याच गंभीरपणे वाचलं होतं. मग मी त्यांना कुळकथा सांगितली. आम्ही लिथियम बॅटऱ्या चार्ज करणारे छोटे बोर्ड बनवतो आणि बाहेर पडण्याआधी प्रत्येक बोर्ड माझ्या हाताखालून जातो. बोर्डातून दोन बारीक वायरी निघतात, त्यांच्या टोकाला मोहरीएवढा काळा मणी असतो. तो बॅटरीच्या अंगाला चिकटवायचा. बॅटरी तापली की मणी ते बोर्डाला कळवतो, आणि पंचेचाळीस अंशांच्या पुढे बोर्ड चार्जिंग बंद करतो. टेबलावर टेस्टिंग करताना मात्र हा मणी भारी नाटकं करतो. पंखा लागला, हात लागला, की आकडा हलला. म्हणून मी दोन बोर्डांचे मणी कापून टाकले आणि त्यांच्या जागी एकेक साधा रेझिस्टर लावला. तेव्हापासून त्या दोघांना कायम वाटतं की बॅटरी पंचवीस अंशांवर आहे. बाहेर आग लागो, यांचं आपलं पंचवीस. नवा बोर्ड बिघडला की तो कुठे चुकतोय ते यांच्याशी ताडून बघायचं, एवढंच यांचं काम. कुठे जायचं नाही, कष्ट नाहीत, टेबलावरची सगळ्यात चांगली जागा यांची, वर फडक्याने पुसून ठेवायचं. म्हणून कुणीतरी जावई नाव पाडलं आणि ते यादीपर्यंत पोचलं.

मॅडम हसल्या. “मग धाकटे गेले कुठे?” “रुसून बसले असतील,” मी म्हणालो आणि खण उघडला. एकट्या थोरल्यावर काम भागत होतं, त्यामुळे धाकटा कधीचा दिसला नाही हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पहिल्यात नव्हता. दुसऱ्यात नव्हता. तिसऱ्या खणात हात घातला आणि तो तिथेच राहिला. हाताला काही लागलं नव्हतं. मला फक्त डिंकाचा डाग आठवला. दोन्ही जावयांच्या पाठीवर मी पांढरी चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहायचो, आणि उन्हाळ्यात ती पट्टी सुटून पडायची. अकरा महिन्यांपूर्वी बाबांच्या दिव्यासाठी मी तपासून झालेल्या बोर्डांच्या ट्रेमधून एक उचलला होता तेव्हा त्याच्या पाठीवर असाच चिकट चौकोन होता. मी तो स्पिरिटने पुसला होता. पुसताना मनात म्हटलंही होतं, की काय एकेक गाढव भरलंय इथे, चांगल्या बोर्डाला पट्ट्या चिकटवतात. वायरी नाहीत हे दिसलं नव्हतं असंही नाही. हा बिनवायरींचा प्रकार असेल, असं धरून चाललो होतो. वीस वर्षं हेच काम करणारा माणूस असंच धरून चालतो. नवशिक्याने दहा वेळा विचारलं असतं.

“सापडला की सांगा, मी समोर प्रश्नचिन्ह टाकते,” असं म्हणून मॅडम पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी खुर्चीवर बसलो. कानात काहीतरी गुणगुणत होतं, ते आमच्या पंख्याचं असेल किंवा माझं. मग मी एक अगदी बिनकामाची गोष्ट केली. कपभर कोमट पाणी आणलं, त्यात थर्मामीटर सोडला, एका चांगल्या बोर्डाचा मणी पाण्यात बुडवला आणि वरून थोडं थोडं गरम पाणी ओतत चार्जिंगचा आकडा बघत बसलो. एक अँपिअर. एक अँपिअर. पंचेचाळीस अंशांना आकडा सरळ शून्यावर आला. मग थोरला जावई त्याच बॅटरीला जोडला आणि कप त्याच्या अगदी अंगाशी नेऊन ठेवला. एक अँपिअर. ताजं उकळतं पाणी आणलं. एक अँपिअर. तो काय करणार बिचारा, त्याचा कान मीच कापलेला. मला ठाऊकच होतं हे सगळं. उत्तर ठाऊक असताना केलेल्या टेस्टला टेस्ट म्हणत नाहीत, हे मी दर वर्षी नव्या पोरांना घसा फोडून सांगतो. तरी कपातलं पाणी निवेपर्यंत मी आकड्याकडे बघत बसलो, आणि माझ्या डोळ्यांसमोर बोर्ड नव्हता, पाण्याच्या बादलीत डावा हात बुडवून जिन्याच्या पायरीवर बसलेले बाबा होते.

चार महिने झाले त्याला. दुपारची वेळ. मी पोचलो तोवर शेजाऱ्यांनी आग विझवली होती, गादी ओढून गॅलरीत टाकली होती, आणि जिन्यात जळक्या कापसाचा वास भरला होता. दिवा मीच केलेला. बाबांना पहाटे उठून वाचायची सवय, कधी स्वयंपाकघरात, कधी गॅलरीत, म्हणून हातात घेऊन फिरता येईल असा. दुपारी जेवण झालं की ते तो खिडकीजवळच्या प्लगला लावून पलंगावर ठेवायचे. त्या खिडकीतून ऊन येतं. मी बाबांच्या समोर उकिडवा बसलो. हाताला काय झालं, घाबरलात का, असलं मी काही विचारलं नाही. मी विचारलं, “बाबा, दिव्यावर काही पडलं होतं का?” ते म्हणाले, “नाही.” “चादर?” “चादर पायाशी होती.” “नीट आठवा. ऊन लागू नये म्हणून तुम्ही चादर टाकली असेल त्याच्यावर.” “असेल.” “असेल की होती?” बाबा बादलीतल्या पाण्याकडे बघत राहिले. टेबलावर आकडा चुकीचा आला तर आम्ही आधी आकड्याला दोष देत नाही. वायर सैल असेल म्हणतो, पुन्हा मोजतो. पुन्हा मोजतो. यायला हवा तो आकडा येईपर्यंत मोजतो आणि आला की लिहून टाकतो. “बाबा, होती ना चादर?” मी तिसऱ्यांदा की चौथ्यांदा विचारलं. “होती,” बाबा म्हणाले. मला आठवतंय, त्या क्षणी माझे खांदे खाली आले. तासाभरात मी ताईला फोन करून सांगितलं, की बाबांनी चार्जिंगच्या दिव्यावर चादर टाकली आणि विसरून गेले, बॅटरीला दोष नाही. घरातला बॅटरीचा जाणकार मीच. माझ्या शब्दापुढे कोण बोलणार? ताई रडत म्हणाली, “बरं झालं रे, तुझा दिवा वाईट नव्हता.”

तेव्हा मला जावयाचं माहीत नव्हतं, हे शपथेवर सांगतो. पण दिवा माझा होता एवढं माहीत होतं, आणि तेवढं पुरतं. जळून काळं झालेलं ते दिव्याचं डबडं मी एका पत्र्याच्या डब्यात घालून गॅलरीतल्या फळीवर ठेवलं. सवडीने उघडून बघू म्हणालो. खराब बॅटरी हातात आली की जेवण सोडून ती उघडणारा माणूस मी. त्या डब्याला मात्र चार महिन्यांत मला सवड मिळाली नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काय उगीच?

बाबा कोण, तर सुट्या भागांच्या गोदामाचे गोदामरक्षक. चार हजार कप्पे. कुणी येऊन म्हणालं की अमक्या पंपाचं वॉशर हवंय, तर बाबा चहाचा कप खाली न ठेवता सांगायचे, उजवीकडून सातवी रांग, वरून तिसरा, त्याच्या मागे एक खोकं आहे त्यात. त्यांच्या साहेबांनी एकदा मुद्दाम दोन कप्प्यांची अदलाबदल केली होती. बाबांनी दाराशी उभं राहूनच ओळखलं, म्हणे तिथे धूळ वेगळी पडलीय. लहानपणी आमचं काही हरवलं की आई आम्हाला शोधूच द्यायची नाही. “त्यांना येऊ दे, ते सांगतील कुठाय.” आणि ते सांगायचे. अशा माणसाला मी चार वेळा एकच प्रश्न विचारून त्यांच्या आठवणीतली एक चादर पायापासून उचलून दिव्यावर नेऊन ठेवली. पुढचं सगळं आपोआप होत गेलं. पहिल्यांदा गॅसची शेगडी गेली, म्हणजे तिचा कॉक बंद करून त्याची किल्ली बायकोने आपल्या पर्समध्ये ठेवली. मग त्यांच्या खोलीची आतली कडी काढली. मग घरी एकटं ठेवायचं नाही असं ठरलं, म्हणून मी आणि ही कामावर असताना शेजारच्या काकू येऊन बसायला लागल्या. मग डॉक्टर. डॉक्टरांनी विचारायच्या आत बाबांनीच सांगून टाकलं, “मी चादर टाकली होती आणि मला आठवत नव्हतं.” ते ऐकल्यावर डॉक्टरांचा पेन चालायला लागला. त्यांनी काढायला सांगितलेलं घड्याळ बाबांनी काट्यांसकट नीट काढलं, पण एवढं साधं मधूनमधून जमतंच, असं कुणीतरी म्हणालं. बहुतेक मीच.

आणि आता रविवारी ताई येणार होती. विसरभोळ्या म्हाताऱ्यांना ठेवतात अशी एक संस्था तिने बघून ठेवलेली, खोल्या स्वच्छ, बाहेर झाडं, सोमवारपासून जागा. बाबांनी फॉर्मवर सही केली तेव्हा मी तिथेच होतो. त्यांनी सही करण्याआधी मला विचारलं होतं, “तारीख आजचीच ना?” त्यांना तारीख माहीत होती. सकाळीच त्यांनी वर्तमानपत्र वाचलं होतं. तरी विचारलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण गमतीत म्हणतो. त्या संन्याशाने स्वतःच फास गळ्यात घालून ‘बरोबर बसलाय ना’ असं विचारलं तर त्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मीटर पिशवीत घातला आणि निघालो.

घरी काकू दारातच भेटल्या. “आज लवकर? बरं वाटत नाही का? जेवलेत हो ते, दोन वेळा विचारलं तेव्हा बसले. गुणी आहेत, काही त्रास नाही त्यांचा.” त्रास नाही हे त्या अशा काही कौतुकाने म्हणाल्या की मला तिथेच जिन्यात बसावंसं वाटलं. त्यांना घरी पाठवलं. बाबा आतल्या खोलीत खुर्चीवर होते, हात मांडीवर, डोळे मिटलेले. मी गॅलरीत गेलो आणि डबा फळीवरून काढला. झाकण घट्ट बसलं होतं, घराच्या चावीने कड उचकटून उघडावं लागलं. आत बॅटरीच्या दोन नळकांड्या, एक फाटून उलटी झालेली, प्लॅस्टिक वितळून सगळ्यावर गोठलेलं. ते चिमट्याने सोलत गेलो. हात नेहमीसारखे चालत होते, कामाला लागले की ते माझं ऐकत नाहीत, मेले स्वतंत्र आहेत. बोर्ड निघाला. मण्याच्या दोन वायरी जिथून निघायला हव्यात त्या भोकांमध्ये आडवा बसलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा, काळा पडलेला रेझिस्टर. सोल्डरचे टाके माझेच. मी टाका देताना शेवटी किंचित डावीकडे ओढतो, शेकडो बोर्डांतून माझा टाका मला ओळखू येतो. मीटर लावला. नऊ हजार नऊशे ओहम. इतकं जळूनही तो सांगत होता की सगळं ठीक आहे, पंचवीस अंश.

मी खरं तेच सांगायचं ठरवलंय, तर तेही सांगतो, की पुढची दहा मिनिटं मी तिथे उभा राहून काय विचार केला. रेझिस्टर एवढासा, खिशात जातो. मॅडमच्या प्रश्नचिन्हासमोर ‘खराब झाला, टाकून दिला’ लिहिलं की संपलं. आणि बाबांनाही वाचवता येईल, त्यासाठी खरं बोलायची काय गरज? ताईला म्हणता येईल, थोडं थांबू, मला बाबांना पाठवायला जिवावर येतंय. सगळे म्हणतील, मुलगा किती जीव लावतो बघा. ही तर नक्की म्हणेल. मी हे इतकं सविस्तर रचलं की त्यात ताईच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं. आणि रचता रचता मला एकदम कळलं, की असं केलं तर बाबा घरातच राहतील, पण चादर टाकणारे बाबा म्हणूनच राहतील. कडी काढलेल्या खोलीत, माझ्या उपकारावर. मला स्वतःची किळस आली. मी बोर्ड हातात घेऊन आत गेलो.

तरीही आत गेल्यावर मी जे पहिलं वाक्य बोललो ते असं होतं, “बाबा, त्या दिव्याच्या बोर्डात दोष निघाला.” दोष निघाला. जसा काही तो आपला आपण निघून आला होता. बाबांनी डोळे उघडले. माझ्या हाताकडे बघितलं. मग गोदामाच्या खिडकीशी आलेल्या माणसाला विचारायचे तसं विचारलं, “कुणी बसवलेला?”

“मी,” मी म्हणालो. मग मात्र थांबलो नाही. खाली फरशीवर बसलो आणि सगळं सांगितलं, मणी काय करतो, मी तो का कापला, डिंकाचा डाग, स्पिरिट, ट्रे. त्यांना बोर्ड दाखवला, रेझिस्टर दाखवला, मीटर लावून आकडा दाखवला. ऊन लागून बॅटरी तापली असणार, चांगला बोर्ड असता तर चार्जिंग बंद झालं असतं, याने केलं नाही, हे सांगितलं. चांगला बोर्ड असता तर आग लागलीच नसती असं छातीठोक सांगता येत नाही, हेही सांगितलं, कारण ते खरं आहे, पण ते सांगताना मला स्वतःचा राग आला, की अजूनही आपण आपल्या बाजूने काहीतरी ठेवतोच आहोत. “चादर असो नसो, बाबा, याला थांबवणारं काही नव्हतंच. तुम्ही काही केलं नाही. चादर पायाशी होती, तुम्हीच सांगितलं होतं पहिल्यांदा. मी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारत राहिलो.”

बाबांच्या डाव्या हाताच्या बोटांवर नवी कातडी आलीय, गुलाबी, तिच्यावरून ते अंगठा फिरवत राहिले. मला वाटलं, ऐकलं की नाही? आणि मग लगेच वाटलं, बघ, अजूनही तू हेच विचारतोयस, की म्हाताऱ्याला कळलं की नाही.

“चार वेळा विचारलंस,” ते म्हणाले. “मी मोजलं होतं.”

“बाबा, मग तुम्ही हो का म्हणालात?”

“तू तुझा चेहरा बघितला नाहीस तेव्हा. मी बघितला. तू दहावीत नापास झालास तेव्हासुद्धा इतका घाबरला नव्हतास. माझा हात भाजलाय, गादी जळलीय, आणि हा पोरगा समोर बसून एक हो मागतोय. म्हटलं, देऊन टाकावं. माझं काय जातंय? एक चादर.”

मला रडू फुटलं. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस फरशीवर बसून रडतो तेव्हा फार वाईट दिसत असणार. बाबांनी मला रडू दिलं, थांब म्हणाले नाहीत, पाठीवर हातही ठेवला नाही. त्यांचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

“पण गंमत अशी झाली,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात गंमत अजिबात नव्हती, “की आठ-पंधरा दिवसांनी मला ती दिसायला लागली. चादर. मी ती उचलतोय, झटकतोय, दिव्यावर टाकतोय. माझे हात दिसतात मला. आता तू सांगतोस की नव्हती, आणि मलाही माहीत आहे की नव्हती, मी देऊन टाकली होती ती तुला. तरी आत्तासुद्धा डोळे मिटले की दिसते. चार हजार कप्प्यांत मी कधी एक वस्तू चुकीची ठेवली नव्हती रे. ही कुठून आली ते मला सापडत नाही. आणि ही एक अशी आत शिरली, तर बाकीच्यांचं काय? मी रोज बसून एकेक तपासतो. तुझ्या आईचा आवाज. तुझा जन्म झाला ते वर्ष. खरं आहे ना हे, का हेही कुणी ठेवलंय?”

जगातला कुठलाही बोर्ड मी दुरुस्त करतो, निदान कुठे बिघडलाय ते तरी सांगतो. मी म्हणालो, “माफ करा, बाबा,” आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडले तसे अगदी हलके, पोकळ वाटले. बाबांनी मान हलवली. माफ केलं अशीही नाही, नाही केलं अशीही नाही. ऐकलं, एवढीच.

मग ते खुर्चीत सरळ बसले. “मला त्या झाडांच्या संस्थेत जायचं नाही,” ते म्हणाले. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. “नाही जायचं, बाबा. मी ताईला सांगतो, आपण थोडं थांबू म्हणून—”

“थोडं थांबू नाही. हे सांग. मला सांगितलंस ते सगळं, जसंच्या तसं. तिला, सूनबाईला, त्या डॉक्टरला, काकूंना. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा आता भलतंच बोलायला लागला. माझं आता कुणी ऐकत नाही. तुझं ऐकतात.”

“सांगतो, बाबा. रविवारी ताई आली की समोरासमोर—”

“आत्ता,” बाबा म्हणाले. “माझ्यासमोर. मला ऐकू येईल असं.”

मी फोन काढला. ताईचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन त्यांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला. दुपारचे तीन वाजले होते, ती कामावर असणार. एक रिंग गेली, दुसरी गेली. उचलू नये असं मला वाटत होतं, हेही लपवत नाही. तिसऱ्या रिंगला तिने घाईघाईने उचलला.

“काय रे, या वेळेला? बाबांनी काही केलं का?”

बाबा माझ्याकडे बघत होते.

“बाबांनी नाही, ताई,” मी म्हणालो. “मी केलंय.”